टेलिफोनातला कासम

भिंगी मासळीचा काटा घशात अडकला, तर आमच्या किनाऱ्यावर कोरड्या भाताचा घट्ट गोळा करून गिळायला देतात. गोळा खाली उतरला की काटाही उतरतो. पण दुसऱ्या माणसाचं चांगलं झालेलं मनात अडकलं, तर त्यावर कुठला गोळा चालतो, हे अजून कुठल्या आजीनं सांगितलेलं नाही. मुरूडच्या कासम सिद्दीच्या मनात असा एक काटा अडकला होता. तो कुवेतमध्ये अडकला, आणि अडकवणारा माणूस कासमनं स्वतःच्या हातानं तिथं बोलावून घेतला होता.

कासम उंच, रुंद खांद्यांचा आणि गर्द काळा. त्याचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आले आणि जंजिऱ्याच्या दर्याला आपला म्हणू लागले. राज्य केलं, तोफा ओतल्या, मशिदी बांधल्या. कासमच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. आली ती ताठ मान, आणि एक आवाज. भरतीचं पाणी बुरुजाखालच्या कपारीत शिरतं तेव्हा आतून जो खोल, गोल घुमारा उठतो, तसा त्याचा आवाज होता. तो मुरूडच्या मशिदीत अजान द्यायचा तेव्हा समोरच्या खाडीतले कोळी वल्ही थांबवून ऐकत, असं त्याची आई शरीफा सांगायची. आईनं त्याला एक शिकवणही दिली होती. ती म्हणायची, खानदानी माणूस आपलं नाव आपल्या तोंडानं सांगत नाही. दुसऱ्यानं म्हणायचं, हे अमके. आपण फक्त मान लववायची.

ही शिकवण कासमनं कुराणाच्या आयतीसारखी जपली. तिनंच पुढं त्याचा घात केला.

मुंबईत राहून तो बी.ए. झाला. गावात त्याच्याआधी त्याच्या जमातीतलं कुणी झालं नव्हतं. पदवीचा कागद घेऊन तो एका बँकेत गेला, तर तिथल्या साहेबानं विचारलं, आपण आफ्रिकेहून कधी आलात? कासमनं शुद्ध मराठीत उत्तर दिलं. साहेब इतका खूश झाला की त्यानं शेजारच्या खोलीतल्या लोकांना ऐकायला बोलावलं. पुन्हा बोला, पुन्हा बोला, असं म्हणत त्यांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. एका बोट कंपनीत कागद न उघडताच सांगण्यात आलं की तुमची माणसं आमच्या बोटींच्या भट्टीवर फार चांगली टिकतात, उष्णता सोसते त्यांना, भट्टीवर जागा आहे. कुणी म्हणालं, पोलीस बँडमध्ये जा. कुणी म्हणालं, अंगापिंडानं मजबूत आहेस, कुस्ती का खेळत नाहीस. पदवी होती, पण ती बघायला आधी लोकांना त्याच्या तोंडावरून नजर उचलावी लागे, आणि ती उचलली जात नसे.

अशात कुवेतमधल्या एका इंग्रज कंपनीला इंग्रजी आणि थोडी अरबी येणारा पदवीधर हवा असल्याचं कळलं. तेलाच्या पैशानं ते शहर तेव्हा नुकतं कुठं अंग ताणत होतं. मातीच्या घरांत विजेचे पंखे लागत होते, फ्रिज येत होते, आणि हे सगळं विकणारी त्या कंपनीची शोरूम शर्क या जुन्या वस्तीत, मासळी बाजारापासून जवळच होती. कासमनं अर्ज केला. अर्जाला रंग नसतो. त्याला बोलावणं आलं.

बोटीतून उतरून तो कंपनीच्या साहेबासमोर उभा राहिला. साहेब बराच वेळ हातातल्या कागदाकडं बघत राहिला, जणू कागदानंच त्याला फसवलं होतं. मग तो म्हणाला की काउंटरची जागा अजून ठरायची आहे, तोवर आत बस, टेलिफोन बघ.

आत म्हणजे पाठीमागची खोली. तिथं खोके, भुसा, एक टेबल आणि त्यावर काळा टेलिफोन. खोली आणि शोरूम यांच्यामध्ये भिंतीला हातभर रुंदीची खिडकी होती, चिठ्ठ्या सरकवायला. कासम टेलिफोनवर बसला आणि पंधरवड्यातच शोरूमचा धंदा वाढला. अहमदीच्या तेल वसाहतीतल्या मडमा, शर्कमधले व्यापारी, सगळे फोन करत. "कासम बोलतोय," असं त्या घुमाऱ्याच्या आवाजात ऐकलं की गरज नसलेला माणूससुद्धा पंखा मागवी. साहेबाला वाटलं, आता काउंटरवर कुणीतरी देखणा बसवावा. त्यानं कासमलाच विचारलं, तुझ्या गावाकडचा एखादा मुलगा आहे का?

कासमनं रियाज परकारचं नाव सांगितलं.

रियाज श्रीवर्धनचा. मुरूडच्या शाळेत दोघं एका बाकावर बसत. रियाज इंग्रजीच्या पेपरात कासमच्या वहीकडं बघून लिहायचा, तरी मॅट्रिकला अडकला. मनानं वाईट नव्हता. हसरा, गोड, उडत्या स्वभावाचा. पण अल्लानं त्याला रंग दिला होता सोललेल्या बदामासारखा, आणि डोळे घारे. कुवेतच्या बाजारात लोक त्याला लेबनॉनचा समजत. साहेबानं त्याला एकदा बघितलं आणि त्याच दिवशी काउंटरवर बसवलं.

अडचण एकच निघाली. लोक फोनवरच्या माणसाला भेटायला येत. मिस्टर कासम कुठं आहे, असं विचारत. साहेबानं यावर सोपा तोडगा काढला. फोनवर कासमनं कासम म्हणून बोलायचं, आणि कुणी दारात आलं की काउंटरवरच्या रियाजनं कासम म्हणून उठायचं. ग्राहकाला एकच माणूस हवा असतो, दोन कशाला दाखवायचे, असं साहेब म्हणाला. त्याला यात काही वावगं दिसत नव्हतं.

असा रियाजचा कासम झाला.

तेव्हापासून कासम दिवसभर त्या हातभर खिडकीतून रियाजची मान बघत बसे. नीट कापलेले केस, कॉलरवर पडणारं पंख्याचं वारं. मडम आत यायची, हात पुढं करायची, म्हणायची, मिस्टर कासम, किती छान बोलता तुम्ही. आणि रियाजचा गोरा हात त्या हातात जायचा. बोलणारं तोंड मागे, आणि हात मिळवणारा हात पुढं. कासमच्या पोटात तेव्हा जे पेटायचं, ते बोटीच्या भट्टीपेक्षा कमी नव्हतं.

दोघं एकाच खोलीत राहत, शर्कमधल्या एका मातीच्या घरात. उन्हाळ्यात गच्चीवर झोपत. स्वयंपाक कासम करी. बाजारातून ताजा सरंगा आणायचा, घरून आलेलं आमसूल घालून कालवण करायचं. रियाज बोटं चाटत जेवायचा आणि दिवसभराच्या गमती सांगायचा.

"आज त्या मडमेनं तुझ्या आवाजाची तारीफ केली," तो एकदा म्हणाला, "आणि मना चॉकलेटचा डबा दिला."

"डबा कुठाय?"

"खाल्ला रे. तारीफ तुझी, डबा माझा. बरोबर वाटणी हाय का नाय?"

कासम हसला नाही. कालवणातला काटा वेचत बसला. रियाजला कळलंही नाही की आपण काय बोललो. हेव्याचं हेच वाईट असतं. ज्याचा हेवा करावा त्याला बिचाऱ्याला पत्ताच नसतो, तो आपला सुखानं ढेकर देतो.

कासमनं दुसरीकडं नोकरी शोधून पाहिली नाही असं नाही. तेल वसाहतीत वरच्या कारकुनाच्या जागेसाठी गेला, तर ड्रायव्हरची जागा पुढं केली. एका शाळेत शिक्षक हवा होता, तिथं सांगितलं की लहान मुलं घाबरतील. हे सांगणारी बाई आपल्याच मुलखातली होती आणि फार सौम्य शब्दांत बोलली होती, म्हणून ते जास्त लागलं. बाजारात तर रोजची गोष्ट. त्या शहरात काळी माणसं पुष्कळ होती. त्यांचे आजे-पणजे गुलाम म्हणून आणलेले, पुढं मुक्त झालेले, पण अजून ज्या त्या व्यापाऱ्याच्या घरावरून ओळखले जाणारे. दुकानदार कासमला सहज विचारी, तू कुणाच्या घरचा? कासम म्हणायचा, मी राज्यकर्त्यांच्या घरचा. दुकानदाराला तो विनोद वाटे. त्यामुळं रस्त्यात समोरून काळा माणूस आला की कासम रस्ता ओलांडून जाऊ लागला. आपल्याला कुणी त्यांच्यातलं समजू नये म्हणून. हीसुद्धा एक जळजळच होती, फक्त उलट्या अंगाची.

टेलिफोनवरच्या ग्राहकांत हाजी सुलेमान नावाचे एक बडे व्यापारी होते. पूर्वी त्यांची गलबतं मलबारपर्यंत जात, आता आयातीचा धंदा. त्यांचा फोन आला की आधी एक म्हातारा, जाड आवाजाचा माणूस बोले, थांब, हाजी येतात, असं सांगे, आणि मग हाजी येत. हाजी आणि कासम यांच्या गप्पा पंख्यांवरून सुरू होत आणि वाऱ्यावर, मासळीवर, कधी कुराणातल्या एखाद्या आयतीच्या अर्थावर जात. कासमची अरबी मदरशातून आलेली, बाजारात मुरलेली. हाजींना ती ऐकताना आपल्या तरुणपणीचा एखादा मुल्ला आठवे. शोरूममध्ये एकदा येऊन त्यांनी कासम समजून रियाजला कवटाळलं होतं आणि साहेबाचं बोलावणं आल्याचं निमित्त करून रियाज सटकला होता.

एका सकाळी हाजींचा फोन आला. नवी पेढी काढतोय, म्हणाले. लिहिणारा, वाचणारा, चार देशांच्या लोकांशी बोलणारा कारभारी हवा. मला तू हवास, कासम. गुरुवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर माझ्या बैठकीत ये, चारचौघांसमोर ठरवू.

कासमनं फोन ठेवला.  मुंबईच्या बँकेपासून इथल्या शाळेपर्यंत ज्यांनी ज्यांनी दार लोटलं, ती सगळी दारं त्याला एकदम उघडी दिसली. त्या रात्री त्यानं सरंगा तळला आणि रियाजला सगळं सांगितलं.

रियाजनं माशाचा तुकडा ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "पण हाजींना कासम म्हणून माझं तोंड माहीत हाय."

"म्हणून तर तू चल. आत गेल्यावर तू एवढंच सांग, हा खरा कासम. पुढचं मी बघतो."

"तूच सांग की."

"माझं नाव मी कसं सांगू? फोनवर तो धंदा झाला, ही बैठक आहे." कासम म्हणाला. त्याला खरोखरच तो प्रश्न विचित्र वाटला होता.

रियाजनं ताटातल्या अन्नावर हात ठेवला. "या अन्नाची शपथ. सांगतो."

गुरुवारी दोघं गेले. कासमनं मुंबईला शिवलेला कोट घातला होता. हाजींची बैठक लांबलचक, भिंतीला लागून गाद्या, गाद्यांवर शहरातले मानकरी. दाराशी चपला काढायची जागा आणि तिथंच निखाऱ्यावर कॉफीच्या पितळी चोचीच्या किटल्या. त्यांच्यामागं एक म्हातारा काळा माणूस उभा होता, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, डाव्या हातात किटली, उजव्या हातात बिनकानाच्या कपांची चळत. त्याचं नाव बखीत. हाजींच्या घरचा.

हाजी उठले. "कासम," असं म्हणत दोन्ही हात पसरून आले आणि रियाजला घेऊन गेले. त्याला आपल्या उजव्या हाताला बसवलं. कासम दोन पावलं मागं होता. त्याला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो दाराजवळ, बखीतच्या शेजारी उभा राहिला. आता रियाज सांगेल, या क्षणाची वाट बघत.

त्या बैठकीत कॉफी पुरे झाली की कप किंचित हलवून परत द्यायचा असतो. दाराजवळच्या गादीवर बसलेल्या एका पाहुण्यानं कप हलवला आणि मान न वळवता मागं धरला. बखीत पलीकडं होता. कप आला तो कासमसमोर. पाहुण्याची नजर बोलणाऱ्यांकडं होती. डोळ्याच्या कडेनं काळा हात दिसला, तेवढं त्याला पुरेसं होतं.

कासमनं कप घेतला. का घेतला हे त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. माणूस काही देतो तेव्हा हात आपोआप पुढं जातो, इतकंच. पण तो रिकामा कप हातात आला. आता बोलायचं म्हणजे हातात उष्टा कप घेतलेल्या माणसानं बोलायचं. हाजी तिकडं रियाजला काहीतरी लांबलचक विचारत होते, बहुधा फोनवर रंगलेल्या कुठल्या तरी आयतीविषयी. रियाजला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यानं कासमकडं पाहिलं. दोघांची नजर भिडली. कासमनं मान किंचित लववली. सांग आता.

रियाजनं ओठ उघडले. मग त्याची नजर कासमच्या हातातल्या कपावर गेली, बैठकीतल्या मानकऱ्यांवर फिरली, हाजींच्या अंगठीवर थांबली. त्यानं गळ्यावर हात ठेवला, खोकला, आणि मोडक्या अरबीत घोगऱ्या आवाजात म्हणाला, घसा. घसा बसलाय.

हाजी कळवळले. मधाचं काहीतरी मागवलं. मग त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजपासून कासम आपल्या पेढीचा कारभारी. रियाजनं मान लववली. खानदानी माणसासारखी.

कासमनं कप बखीतच्या हातात दिला आणि अरबीत एकच शब्द बोलला, घ्या. बखीतनं चमकून वर पाहिलं. कासम बाहेर पडून चपला शोधत होता तेव्हा म्हातारा मागोमाग आला.

"तूच ना तो," बखीत हळूच म्हणाला, "टेलिफोनातला?"

हाजींच्या घरी आधी फोन उचलणारा तो जाड आवाज त्याचाच होता. कासम चपला पायात सरकवून निघाला. रस्ता ओलांडून गेला.

घरी आल्यावर रियाज रडला. खरंच रडला. म्हणाला, जीभच उचलेना. मग डोळे पुसत म्हणाला, "पण तू का नाय बोललास? बी.ए. तू हायेस ना?"

हा प्रश्न कासमला अन्नाची शपथ मोडल्यापेक्षा जास्त झोंबला. त्यानं आपली ट्रंक उचलली आणि दुसऱ्या गल्लीत खोली घेतली.

रियाजच्या जागी शोरूममध्ये अकबर नावाचा नवा गोरा मुलगा आला. साहेब मागच्या खोलीत येऊन कासमला म्हणाला, आता फोनवर कासम म्हणू नकोस, लोक गोंधळतील, कासम तर हाजींकडं गेला. आता अकबर बोलतोय असं म्हण.

कासमनं साहेबाकडं बघितलं. टेलिफोन वाजत होता. त्यानं तो उचलला नाही. कोट घातला आणि शोरूमच्या पुढच्या दारानं, ग्राहकांमधून, बाहेर पडला. त्या दारानं तो पहिल्यांदाच जात होता.

पुढची काही वर्षं त्यानं काय काय केलं नाही. बंदरावर माल मोजला, कंत्राटदाराकडं मजुरांच्या अर्ज्या लिहिल्या, एका हॉटेलात हिशेबनीस म्हणून बसला, तेही स्वयंपाकघराच्या बाजूला. आणि या सगळ्या काळात त्याच्या कानावर रियाजचं येत राहिलं. कासमनं मोटार घेतली. कासमची बायको बिल्कीस श्रीवर्धनहून आली, तिच्या हातात सोन्याच्या पाटल्या आहेत. लोक हे त्यालाच सांगत, आणि वर विचारत, तुझंही नाव कासमच का? त्याच्यासारखं काही जमव की. एकदा तो शर्कच्या रस्त्यावर उभा असताना ती मोटार समोरून गेली. निळी होती. तिच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा क्षणभर दिसला आणि पुढं सरकला, आणि त्याला वाटलं, हा चेहरासुद्धा आता रियाजच्याच मोटारीतून चाललाय.

एकच गोष्ट त्याला गोड लागे. रियाजचा घसा म्हणे अजून बरा झाला नव्हता. एकदा बसलेला घसा त्याला कायमचा बसवावा लागला होता. हाजींनी डॉक्टर दाखवले, अंजिरं भिजवून खायला घातली, बसऱ्याच्या एका हकिमाकडं पाठवलं. भर बैठकीत त्याला गळ्याला गरम फडकं बांधून बसावं लागे, कुवेतच्या त्या उन्हाळ्यात. कासम हे ऐकून एकटा असताना हसे. ते हसू चांगलं नव्हतं, पण त्याच्याकडं तेवढंच होतं.

मग एके दिवशी मासळी बाजारात कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बखीत होता. या वेळी कासमनं रस्ता ओलांडला नाही. वयानं थकल्यामुळं हाजींनी बखीतला मोकळं केलं होतं. शहराबाहेर जहऱ्याला त्याची दोन खोल्यांची जागा होती, चार खजुरीची झाडं होती. तो म्हणाला, रस्त्याकडची खोली पडून आहे, दुकान काढ. परदेशी माणसाला इथल्या माणसाच्या नावाशिवाय परवाना मिळत नाही. माझं नाव घे. आयुष्यभर माझं नाव कुणाच्या कामाला आलं नाही.

"मी कुणाच्या घरचा नाही," कासम म्हणाला. जुनी ठणक अजून होती.

"मी तरी कुठं आता," बखीत म्हणाला. "चल, मासा घेऊ. तुला कालवण येतं म्हणतात."

जहऱ्याला दुकान निघालं. पंखे, दिवे, स्टोव्ह, त्यांची दुरुस्ती. पाटी अरबीत आणि इंग्रजीत रंगवली: कासम सिद्दी, बी.ए. बखीतला वाचता येत नव्हतं. त्यानं कासमकडून पाटी वाचून घेतली आणि विचारलं, हे बी.ए. कुठल्या घराण्याचं नाव? कासम कुवेतमध्ये आल्यापासून पहिल्यांदा पोटभर हसला. म्हणाला, ते घराणं अजून लहान आहे.

दुकानात काउंटर एकच होता आणि त्यामागं तो स्वतः उभा असे. सुरुवातीला लोक आत येत आणि त्याला विचारत, मालक कुठं आहे? तो म्हणे, समोर. काही परत जात. काही थांबत. धंदा मोठा झाला नाही, पण मेलाही नाही. आणि रियाजच्या निळ्या मोटारीची ठणक काही गेली नाही. रिकाम्या दुपारी वाळूचा वारा दाराशी लोळत असताना तो मनात मोजत बसे, ती खुर्ची, ती गादी, तो हाजींचा उजवा हात.

पुढं जहऱ्यालाही टेलिफोन आला आणि दुकानात एक काळा फोन बसला. कासम त्याच्याकडं काही दिवस नुसतं बघत राहिला. मग एका दुपारी तो वाजला. कासमनं उचलला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघालं, "कासम बोलतोय."

 मग ओळखीचा आवाज, आता म्हातारा झालेला. हाजी सुलेमान होते. बखीतची खबर विचारायला त्यांनी फोन केला होता.

"कोण?" हाजी म्हणाले.

"कासम."

"कासम तर माझ्यासमोर बसलाय."

कासमला ती खोली दिसली. ती गादी. तिच्यावरचा गोरा माणूस, गळ्याला फडकं. एका वाक्यात तो माणूस रस्त्यावर येईल, हे त्याला कळत होतं, आणि हे वाक्य त्यानं अनेक वर्षं रात्रंदिवस घासून धारदार करून ठेवलं होतं. ते जिभेवर आलं. पण आता त्याच्या हातात कुणाचा उष्टा कप नव्हता. रिसीव्हर होता, आणि मागं भिंतीवर आपल्या नावाची पाटी होती.

"माझं नाव मी सांगितलं, हाजी साहेब," तो म्हणाला. "त्याचं नाव त्यालाच विचारा."

आणि त्यानं खजुरीखाली बसलेल्या बखीतला फोन घ्यायला हाक मारली.

रियाजनं तिकडं काय सांगितलं, हाजी किती रागावले, हे कासमनं विचारलं नाही. कळलं ते एवढंच की रियाजला काढलं नाही. काम त्यानं एव्हाना शिकून घेतलं होतं, आणि हाजी म्हणाले, घोडा दुसऱ्याच्या नावानं विकत घेतला तरी धावतो तोच. फक्त गळ्याचं फडकं सुटलं आणि बाजारात त्याला आता रियाज म्हणू लागले.

काही आठवड्यांनी निळी मोटार जहऱ्याला आली. रियाज उतरला. केस पिकायला लागले होते, तरी देखणाच. कासमच्या मनात काट्यानं पुन्हा एकदा जागा बदलली. वय झालं तर यानं तरी कुरूप व्हावं की नाही, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"चहा देणार काय?" रियाज म्हणाला. "का चॉकलेटाचा डबा आणायला हवा होता?"

कासमनं स्टोव्ह पेटवला. रियाज काउंटरला टेकून उभा राहिला. 

तेवढ्यात एक अनोळखी गिऱ्हाईक आत आलं. शर्कहून आलेला, चांगल्या कपड्यांतला माणूस. त्यानं दोघांकडं बघितलं, आणि इतर सगळ्यांची नजर जिथं जाते तिथंच त्याची गेली. रियाजकडं हात पुढं करून तो म्हणाला, "आपण मिस्टर कासम?"

रियाजचा हात उठला, पण हातात हात द्यायला नव्हे. तो कासमकडं वळवायला उठला होता. तोंडही उघडलं होतं. बैठकीत राहिलेलं ते वाक्य आता सांगायला.

पण कासमनं त्याला सांगू दिलं नाही. स्टोव्हजवळून उठून, हात पुसून, काउंटरच्या पुढं येऊन त्यानं स्वतःच म्हटलं, "कासम मी."

आवाज खोलीभर घुमला. गिऱ्हाईकानं वळून पाहिलं, थोडं चपापलं, आणि मग हात त्याच्याकडं केला.

रियाज हवेत राहिलेला आपला हात खिशात घालून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं, ते कासमनं चटकन ओळखलं. खिडकीतून मान बघत बसलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?